वाळूची पोती

स्पर्धा तोंडावर आल्या, पाहुण्या खेळाडूंचे फोटो खांबाखांबावर लागले आणि शहरात नव्याकोऱ्या बस फिरू लागल्या. पण त्यात माणसं नव्हती. चाचणीसाठी माणसाच्या वजनाची वाळूची पोती सीटवर बसवली होती. निम्म्या जुन्या बस कधीच भंगारात गेल्या होत्या.

"उद्घाटनाआधी सीट मळता कामा नयेत," डेपोच्या साहेबांनी ड्रायव्हरला बजावलं होतं. "कुणी विचारलंच तर सांगायचं, मागून गाडी येतेय."

सकाळपासून तो दातओठ खात पोती फिरवत होता. स्टॉपस्टॉपवर लोक हात करायचे, हा खिडकीतून तेच खोटं फेकायचा आणि पुढे जायचा. दवाखान्याच्या चढाखाली त्याची थोरली बहीण उभी होती, गुडघ्याला पट्टा बांधून. तिने हातसुद्धा केला नाही. ती नुसती खिडकीतल्या पोत्यांकडे बघत राहिली. कशी ऐसपैस बसली होती मेली.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने कचकन ब्रेक दाबून दार उघडलं.

"ताई, चढ."

"अरे, नोकरी जाईल तुझी."

"गेली खड्ड्यात. तू बस आधी."

स्टॉपवरच्या लोकांनी हातोहात पोती खाली उतरवली आणि त्यांच्या जागी स्वतः बसले.

बहिणीला दवाखान्याच्या दारात उतरवतोय तोच साहेबांचा फोन आला.

"पोती कुठायत?"

"स्टॉपवर उभी आहेत, साहेब," तो म्हणाला. "त्यांना सांगितलंय, मागून गाडी येतेय."