बाइंडिंगच्या प्रेसचं चाक

"आजी, तुझे दंड गेले कुठे गं?"

मैत्रिणींनी नातीशी पैज लावली होती, 'हिंमत असेल तर विचार!' आणि हिंमत तर हल्ली तिच्यात उतू जात होती. आजीचं बाइंडिंगचं दुकान होतं. पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसचं चाक ती एके काळी एका हाताने गरगर फिरवायची. आता चाक तिला दाद देत नव्हतं, म्हणून रविवारी बाबा तो प्रेस विकणार होते.

आजीने बाही वर करून पाहिलं. "अगंबाई, खरंच की! न सांगताच पसार झाले मेले."

मैत्रिणी खिदळल्या. हिच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. गेले म्हणजे कुठे? परत येतात का? आईबाबा आजीला फिजिओथेरपीच्या बाईंकडे घेऊन निघाले, तेव्हा हीसुद्धा शाळा बुडवून मागे लागली आणि जाताक्षणी तोच प्रश्न बाईंना विचारला.

"वयाबरोबर स्नायू झिजतात, सगळ्यांचेच," बाई म्हणाल्या. "पण त्यांना काम दिलं तर म्हातारपणीही बळ येतं. आजी, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू."

आजी जरा पुढे वाकते न वाकते, तोच बाबांचा हात तिच्या काखेत. पाठोपाठ आईचा.

"त्यांचं त्यांना उठू द्या हो!"

बाबा गोरेमोरे झाले. "पण पडली तर?"

"जवळ उभे राहा. उचलू नका."

आजी अर्ध्यात लटपटली, मटकन बसली. पुन्हा तेच. मग दातओठ खात उठलीच! "बघताय काय? टाळ्या वाजवा," म्हणाली.

बाईंनी बजावलं, व्यायाम हळूहळू वाढवायचा आणि नुसत्या चहा-बिस्किटांवर भागवायचं नाही. दूध, अंडी, डाळी पोटात जायला हव्यात.

घरी आल्यावर हिला एकेक दिसू लागलं. आजीला पाणी आई देते, पिशवी बाबा उचलतात, चपला ही स्वतः पायाशी ठेवते. लाडालाडात तिघांनी आजीचं सगळं कामच पळवलं होतं की!

जेवताना तिने चमचा खाली ठेवला. "आई, बाबा, प्रेस विकायचा नाही. शाळा सुटली की मी आजीबरोबर दुकानात जाणार. सुरुवातीला चाक थोडंसंच फिरेल, चालेल. फिरवणार तीच, मी नुसती शेजारी उभी राहणार. आणि बाबा, मी विचारत नाहीये हं. सांगतेय."