पहिल्या दर्जाचं बांधकाम

घरपट्टीच्या नव्या नोटिसा आल्या तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांची तोंडं उतरली. एकटा माझा नवरा खुशीत होता. प्रत्येक नोटिशीवर शिक्का होता: ‘बांधकाम – पहिला दर्जा’. पहिला दर्जा म्हणजे सगळ्यात जास्त घरपट्टी. आणि गल्लीतलं एकूण एक घर माझ्या नवऱ्यानेच बांधलेलं.

“बघ,” तो म्हणाला, “सरकारसुद्धा मानतं.”

सरकार आमच्या बाथरूममध्ये कधी उभं राहिलं नव्हतं.

आमच्या बाथरूमच्या फरशीचा उतार उलटा आहे. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येतं, दाराखालून बाहेरच्या खोलीत शिरतं आणि पाहुण्यांच्या पायाशी येऊन बसतं. आंघोळ घरातल्यांनी करायची, पुसायचं मी. दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्या दिव्याखाली तळं होतं. मिस्त्री म्हणून याला गावभर मान, आणि घरात फरशीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, “तू पाणी चुकीचं ओततेस.”

बायकोचं ऐकायला नवऱ्याला कान पुरत नाहीत, समिती लागते. हे मला कुणी शिकवलं नाही, ओणव्याने फरशी पुसता पुसता कळलं.

घर माझ्या नावावर होतं. कर वाचतो म्हणून केलं होतं, प्रेमाने नव्हे. पण त्यामुळे अपील करायचा हक्क माझा. मी त्याला न विचारता केलं. घरपट्टीचं काय व्हायचं ते होवो. मला सरळ, कोरडी फरशी हवी होती.

सुनावणीला त्याला म्हटलं, “अख्खी गल्ली चाललीय. तुम्हीही चला. तुमच्याच कामाबद्दल बोलणार आहेत सगळे.”

खोटं काही बोलले नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

अपील समिती लांब टेबलामागे बसली होती. मधे अध्यक्षबाई, चष्मा दोरीला बांधलेला. बाजूला आकारणी खात्याचा साहेब, चेहरा असा की प्रत्येक वीट त्याच्याच खिशातून गेलीय. पहिला नंबर समोरच्या शिंप्याचा.

“तक्रार काय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“खिडकी लागत नाही. घर झाल्यापासून नाही. पाऊस आत, मांजर आत, शेजारणीची भांडणं आत.”

“बांधकाम कुणाचं?”

शिंप्याने मागे न बघता अंगठा मागे केला. सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. नवरा अर्धवट उठून नमस्कार करायला लागला, मग थबकला.

“दुसरा दर्जा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

पुढे पाववाला आला. त्याच्या जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच, सासरा त्यावर अडखळून दोनदा पडला. “तिसऱ्यांदा पडायला आता तो येतच नाही, तेवढा फायदा झाला,” असंही तो म्हणाला. मग निवृत्त नर्सबाई: भिंतीत खिळा ठोकला की पलीकडून प्लास्टर पडतं. प्रत्येकाला एकच प्रश्न, “बांधकाम कुणाचं?” आणि प्रत्येकाचा अंगठा मागे. दर्जा धडाधड उतरत होता. घर फिरलं की वासे फिरतात. इथे तर गिऱ्हाइकं फिरली होती. माझ्या नवऱ्याचे कान भाजलेल्या विटेसारखे लाल झाले.

“हीच माणसं घरभरणीला माझं कौतुक करत होती,” तो कुजबुजला.

“तेव्हा ओल यायची बाकी होती,” मी म्हटलं.

मग माझं नाव पुकारलं. त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले तेव्हा त्याला पटलं.

“बाथरूमचा उतार उलटा आहे,” मी सांगितलं. “पाणी बैठकीत येतं.”

“बांधकाम कुणाचं?”

“नवऱ्याचं.”

हॉलमध्ये हशा पिकला. तो उभा राहिला. “साफ खोटं. उतार मी स्वतः लेव्हलने बघून घेतलाय.”

आकारणीच्या साहेबाला जणू लॉटरी लागली. “बघा मॅडम, खुद्द बांधणाराच सांगतोय. यांना आमच्या बाजूने साक्षीदार धरा.”

म्हणजे माझा नवरा माझ्याविरुद्ध सरकारी साक्षीदार झाला, आणि तेही घरपट्टी जास्त भरायला मिळावी म्हणून. पुरुषाची अब्रू कुठे अडकेल सांगता येत नाही. याची गटाराच्या जाळीत अडकली होती.

“त्यांचंही ऐकू नका, माझंही ऐकू नका,” मी म्हटलं. “घर दोन गल्ल्या सोडून आहे. या, आणि एक बादली ओता.”

दुपारी समिती आली. मागे अख्खी गल्ली. बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. नवऱ्याने स्वतः बादली भरली.

“कशी ओतू?” त्याने मला ऐकू जाईल असं विचारलं.

“तुम्हाला बरोबर वाटेल तशी,” मी म्हटलं.

त्याने जाळीपाशी वाकून, लहान बाळाला न्हाऊ घालावं तसं हळू ओतलं. पाणी जरा घुटमळलं. मग वळलं, दाराखालून निघालं आणि सरळ बैठकीत आलं. अध्यक्षबाईंनी चपला उचलल्या. साहेबाला उशीर झाला, त्याचे मोजे गेले.

“दुसरा दर्जा,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “दुरुस्ती होईपर्यंत.”

 समिती गेली, गल्ली हसत हसत पांगली, आणि नवऱ्याने पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. संध्याकाळपर्यंत बाथरूमची फरशी उखडलेली होती. मी वर्षानुवर्षं विनवण्या केल्या त्याचं काही झालं नाही. साहेबाच्या मोज्यांनी ते करून दाखवलं.

नवी फरशी बसली. पाणी आता जाळीत जातं, आज्ञाधारक. दर्जा पुन्हा पहिला होईल, होऊ दे. वाढीव घरपट्टी मी आनंदाने भरीन, पुसायला तर लागत नाही.

पण त्याचं तेवढ्यावर भागेना. पिशवी घेऊन तो दारोदार निघाला, सगळ्यांची घरं फुकट नीट करून द्यायला. शिंपी खिडकीला पाठ लावून उभा राहिला.

“मिस्त्री, खिडकी झकास आहे. हात लावू नका.”

“समितीपुढे म्हणालास लागत नाही.”

“ते समितीला. तुम्हाला म्हणतोय, झकास आहे.”

पाववाल्याने जिन्यावर सतरंजी टाकली. नर्सबाईंनी दारच उघडलं नाही. आणि मग तिघं मिळून माझ्याकडे आले.

“वहिनी, आवरा त्यांना. एकाचं घर नीट झालं की आमच्या दर्जाचीही पुन्हा तपासणी होईल आणि घरपट्टी वाढेल.”

“मी किती वर्षं त्यांना फरशी नीट करा म्हणत होते, तेव्हा आला होतात का सांगायला?”



तेवढ्यात नवरा परतला, चेहरा पडलेला. “कुणी कामाला हातच लावू देत नाही,” म्हणाला.

मी तिघांना बाहेरची वाट दाखवली. त्याच्या हातून पिशवी घेऊन स्वयंपाकघरात नेली, जिथे कपाटाचं दार लागत नाही आणि ओटा एका बाजूला कलतो. मग पुढच्या दाराला आतून कडी घातली.