सपाट केलेली रेषा

सुरुचीने लिहिलेल्या प्रोग्रॅमचं जर्मनीतल्या कोलोनच्या संस्थेत भारी कौतुक होतं, आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते आवडायचं. अंटार्क्टिकाच्या बर्फावरच्या एका केंद्रातून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी सेकंदा-सेकंदाला येत. तिथलं क्षेत्र वर्षानुवर्षं क्षीण होत चाललं होतं. तीच तिची पीएचडी. नोंदींच्या आलेखाच्या रेषेत मध्येच बारीकशी पायरी आली, की उपकरणाची खोड समजून प्रोग्रॅम दर पंधरा मिनिटांनी ती पुसून टाकी.

तिचा नवरा शार्दूल एर्लांगेनमधली चांगली नोकरी सोडून वर्षभरासाठी त्याच केंद्रावर गेला होता. दर मंगळवारी दीड किलोमीटर चालत जाऊन बर्फात पुरलेल्या लाकडी खोलीत उतरायचं आणि हाताने मोजमाप घ्यायचं, हे त्याचं काम. अंगावर लोखंड नको, हा तिथला कडक नियम. पट्टा, चाकू, वॉकीटॉकीसुद्धा शंभर पावलं अलीकडे एका पेटीत काढून ठेवायचं. पहिल्याच मंगळवारी रेषेवर टोकदार शेंडा उठला. सासूबाईंनी त्याच्या जॅकेटच्या अस्तराला सेफ्टी पिनने अंगाऱ्याची पुडी लावून दिली होती! सुरुचीने फोनवर त्याची अशी हजेरी घेतली, की त्याने कानाला खडा लावला. तेव्हापासून शार्दूल खोलीत असला तरी रेषेला पत्ता लागत नसे. नवरा असावा तर असा, असं ती सगळ्यांना सांगायची.

२०१६च्या ऑगस्टमधला मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत, प्रबंधाच्या परिशिष्टाला हव्यात म्हणून तिने मूळ, न पुसलेल्या नोंदी उघडल्या. जूनमध्ये दोन पायऱ्या. जुलैत सात. गेल्या आठवड्यात रोज एक. जवळच्या दुसऱ्या केंद्रावर मात्र काहीच नव्हतं. म्हणजे क्षेत्र बदललं नव्हतं. पायऱ्या सगळ्या एकाच दिशेने होत्या, म्हणजे उपकरणही धड होतं. शार्दूलच्या त्या खोलीत ते ज्या खांबावर होतं तो खांब कलत होता, कारण खालचा बर्फ फाटत होता. अडीच महिने बर्फ हेच सांगत होता आणि तिने ते पुसून टाकलं होतं.

तिने केंद्रप्रमुखाला फोन लावला. "लुट्झ, शार्दूल कुठे आहे?"

"अगं, मंगळवार ना आज? मोजायला गेलाय. अर्धा तास झाला."

"त्याला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता! खोलीखाली भेग आहे."

लुट्झ वॉकीटॉकीवर हाका मारू लागला. शार्दूल, शार्दूल. उत्तर येईना. त्या हाका कुठे घुमताहेत ते तिला पक्कं माहीत होतं. पेटीत, चाकूशेजारी.

"गाडी काढतो," लुट्झ म्हणाला. "वीस मिनिटं लागतील."

बाहेर लख्ख ऊन होतं, लोक हिरवळीवर डबे खात बसले होते. ती मूळ रेषेकडे टक लावून बसली. एखादी पिन विसर रे राजा, एकच पिन. तू हलतोयस, बाहेर पडतोयस, एवढं तरी कळू दे. पण शार्दूल शब्दाचा पक्का होता. रेषा स्वच्छ राहिली.

एक वाजून तेरा मिनिटांनी क्षेत्राच्या तिन्ही दिशांच्या रेषा एकदम उसळल्या, पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन तिथेच थांबल्या. पिनेचा शेंडा असा थांबत नाही; हा खांबच कोसळला होता. दोन मिनिटांनी शेजारच्या चौकटीत तिच्या प्रोग्रॅमने आपलं काम केलं. पायरी पुसली, रेषा सपाट केली आणि खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं, नोंद ठीक आहे.