शेगडीवरची लाल पट्टी

माणसानं वडिलांकडे जाताना फळं न्यावीत, औषधं न्यावीत, नाहीतर रिकाम्या हातानं जावं. धाकटा कॅमेरा घेऊन गेला. आणि पठ्ठ्याला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

धाकटा एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होता. तो नेमकं काय करतो हे मास्तरांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, कधी उमगलं नाही. "वस्तू तू बनवतोस का रे?" "नाही बाबा." "विकतोस?" "तेही नाही. लोकांना काय हवंय ते समजून घेतो." मास्तर जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "बरंय. निदान कुणाच्या अध्यात ना मध्यात."

ऑफिसात मात्र धाकट्याचा भाव वधारलेला होता. डिझाइन थिंकिंग म्हटलं की त्यालाच पुढे करायचे. वापरणाऱ्याच्या जागी जाऊन उभं राहा, त्याचं दुखणं आपलं माना, मग कच्चा नमुना करा, त्याच्या हातात द्या आणि तोंड मिटून बघत बसा, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. शिकवताना त्याचा आवाज कसा अगदी कातर व्हायचा. दुसऱ्याचं दुखणं समजून घेण्यात त्याचा हात धरणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं.

तर झालं असं होतं. आई गेल्यापासून मास्तर एकटेच राहत. मध्यंतरी ते गॅसवर दूध विसरले आणि स्वयंपाकघराची भिंत काळी पडली. ताईनं, म्हणजे थोरल्या मुलीनं, हाय खाल्ली. "आता पुरे बाबा. वृद्धाश्रमात जागा बघते," म्हणाली. मास्तर तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, पण तेव्हा धाकट्याला म्हणाले, "मला माझ्या घरातच मरू दे रे. एवढं बघ."

धाकट्याच्या कंपनीत नेमकी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी विजेची शेगडी घाटत होती. तो मध्ये पडला. शेगडीचा नमुना बाबांकडे ठेवू, सरावले की चाचणी घेऊ, त्याचं चित्रण तू बघ आणि मग ठरव, असं त्यानं ताईला सांगितलं. ताई कबूल झाली. मास्तरांना त्यानं ऑफिसात पाठ केलेलं वाक्य ऐकवलं. "परीक्षा तुमची नाही बाबा, शेगडीची आहे."

मास्तर हसले. "समोर कुणी लिहून घेत बसलं ना, की ती परीक्षाच असते. मी जन्मभर घेतल्यात."

शेगडी दिसायला देखणी होती. सगळी काळी काच. बटण नाही, खुंटी नाही. काचेवर एका कोपऱ्यात फिकट करडं चिन्ह होतं, तिथं बोट दाबून धरलं की शेगडी चालू किंवा बंद व्हायची. तरण्याताठ्या डोळ्यांना ते चिन्ह दिसायचं. मास्तरांना काळ्यावर काळंच दिसायचं.

चाचणीच्या दिवशी कंपनीतले साहेब आणि डिझायनर मुलगी यायच्या आधीच धाकटा घरी पोचला. मास्तर दाढी करून तयार. "ये, तुला गंमत दाखवतो," म्हणत त्याला हाताला धरून ओट्यापाशी नेलं. काचेच्या त्या कोपऱ्यात, चिन्हाला अगदी लागून, लाल चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावला होता. "आता चुकत नाही बघ मी. डोळे मिटूनसुद्धा सापडतं." खरंच, डोळे मिटून त्यांनी शेगडी चालू करून दाखवली, बंद करून दाखवली. चेहऱ्यावर असं समाधान, जणू नातवंडाचा निकाल लागलाय. मग इस्त्रीचा शर्ट घालायला ते आत गेले.

धाकटा पट्टीकडे बघत राहिला. साहेब स्वतः येणार होते. नमुन्याला वापरणाऱ्यानं परस्पर काही चिकटवलं की चाचणी बाद, हे त्यानंच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलेलं. साहेबांसमोर त्याचीच चाचणी बाद झाली तर तोंड कुठे दाखवणार? आतून मास्तरांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. त्यानं नखानं पट्टी खरवडून काढली, डिंकाचा डाग रुमालानं पुसला आणि पट्टीची गोळी करून खिशात टाकली. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण वाईट वाटून घ्यायला तिथं वेळ नव्हता. दारावरची घंटा वाजली होती.

साहेब खुर्चीवर बसले. डिझायनर मुलीनं कॅमेरा लावला. धाकट्यानं सगळ्यांदेखत तेच वाक्य म्हटलं, परीक्षा तुमची नाही. मास्तरांनी मान डोलावली, दुधाचं पातेलं ठेवलं आणि ठरल्या जागी बोट नेलं.

बोट तिथंच थांबलं. मग इकडं सरकलं, तिकडं सरकलं. चाचपडता चाचपडता शेगडी कशीबशी चालू झाली. मास्तर वाकून काचेकडे बघत म्हणाले, "इथं पट्टी होती रे."

आता या लोकांचा एक नियम असतो. वापरणाऱ्यानं काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, उलट त्यालाच विचारायचं. धाकटा शांतपणे म्हणाला, "कुठं असावी असं वाटतं तुम्हाला?"

"इथंच. लाल. मघाशी तुला दाखवली ना मी?"

साहेब बघत होते. कॅमेरा चालू होता. धाकटा म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं बाबा? दाखवलीत?"

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. आपला पोरगा आपल्याशी खोटं बोलेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. मग खोटं कोण बोलतंय? राहिलं कोण? त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ते सगळं कॅमेऱ्यात नीट आलं.

तेवढ्यात दूध वर आलं. ते उतू जायला लागलं तसे मास्तर गडबडले आणि बंद करायची जागा दोन्ही हातांनी शोधायला लागले. तळहात तापल्या काचेवर पडला. डिझायनर मुलगी ताडकन उठली. धाकट्यानं हात आडवा करून तिला थांबवलं. चाचणी चालू असताना मदत करायची नसते. शेगडी आपोआप बंद होईपर्यंत तिघंही बघत राहिले, आणि मास्तर भाजलेला हात छातीशी धरून पुटपुटत राहिले, "होती इथं. होती."

मुलीनं नंतर त्यांच्या हाताला मलम लावलं. पुन्हा कधी ती धाकट्याशी कामापलीकडे बोलली नाही. साहेबांनी मात्र जिन्यातच त्याची पाठ थोपटली. "सख्खे वडील समोर असताना इतकं तटस्थ राहायचं म्हणजे कमाल आहे. उपाय काय सुचतो?"

"काचेवर उठावाची लाल पट्टी द्यावी," धाकटा म्हणाला. "हाताला लागेल अशी."

"झकास. कसं सुचलं?"

"बघता बघता," धाकटा म्हणाला. खिशातली गोळी त्याच्या बोटाला चिकटत होती.

त्याच दिवशी संध्याकाळी ताईनं घरी येऊन चित्रण बघितलं आणि तोंडाला पदर लावून रडली. धाकटा म्हणाला, दोष शेगडीचा आहे, पुढच्या नमुन्यात सुधारणार आहोत. ताईनं कदाचित ऐकलंही असतं. पण मास्तरच बोलले.

"शेगडीचा नाही, पोरी. माझा आहे. पट्टी मी लावली होती, या पोराला दाखवली होती, असं मला अजूनही लख्ख आठवतंय. हाताला धरून ओट्यापाशी नेलं होतं मी त्याला." त्यांनी बांधलेल्या हाताकडे बघितलं. "दूध विसरलो तेव्हा वाटलं, वय झालं. पण न घडलेलं आठवायला लागलं की संपलंच. उद्या मी शेजाऱ्यांचं घर पेटवीन. ने मला तू म्हणशील तिथं."

एक वाक्य पुरलं असतं. मी काढली ती पट्टी, बाबा. एवढंच. पण पट्टी मास्तरांची म्हटली की चाचणी खोटी, उपाय चोरलेला, आणि साहेब पाठ थोपटून गेलेले. ताईनं त्याच्याकडे बघितलं, "तू काय म्हणतोस?" तर म्हणे, "बाबा म्हणतील तसं." नालायकानं वर मास्तरांची बॅगही स्वतःच भरली.

शेगडी बाजारात आली. म्हाताऱ्यांनी उचलून धरली आणि धाकट्याला बढती मिळाली. खोक्यावर छापायला एखादा खराखुरा आजोबा हवा, असं ठरलं. खरेखुरे आजोबा धाकट्याच्या घरचेच होते. फोटोवाल्याला घेऊन तो वृद्धाश्रमात गेला.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. तिथं स्वयंपाकघरात जायला कुणाला परवानगी नव्हती, त्यामुळं शेगडी पलंगाशेजारच्या मेजावर मांडली. इस्त्रीचा शर्ट घातला. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, बोट ठेवा बघू." मास्तरांचं बोट सरळ लाल पट्टीवर गेलं, कुठंही न चाचपडता.

ते बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिले. मग हळूच, फोटोवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पोराला म्हणाले, "तेव्हा मला अगदी अशीच दिसायची बघ. ह्याच जागी. नव्हती, पण दिसायची." त्यांनी लाजल्यासारखं हसून बोट काढून घेतलं. "ही तरी आहे ना रे खरी?"

फोटोवाला थांबला होता. धाकट्यानं वाकून वडिलांची कॉलर नीट केली.

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?" तो म्हणाला.