जपानी कालवण

“वैनी, ते मडकं आदी चुलीवरनं उतरीव!” भिमाजी दारातूनच गरजला. “पित्तराचा दिस हाय आज. काय शिजिवतीस ते वासावरनं कळतंय मला.”

झुंबरबाईने फुंकणी खाली ठेवली. मडकं मात्र चुलीवरच राहिलं. हुलगे शिजवून गाळलेलं कढण आटत आटत काळंभोर झालं होतं. तिने त्यात करपवलेला गूळ, मीठ आणि ठेचलेलं आलं घातलं. लिंबू अगदी शेवटी पिळायचं आणि बाजूला किसलेला मुळा ठेवायचा. भजं त्यात बुडवायचं आणि खायचं. चव बघायची सोय नव्हती. पितरांच्या पानावरचं आधी कोण उष्टं करतं?

दरवर्षी हे कालवण तिचा नवरा पुंजाराम स्वतः करायचा, तेही इथे तिसगावच्या या घरी नाही, शेतातल्या खोपीत. मडकंसुद्धा तिथेच टांगलेलं असे. तिकडे परमुलखात हे कुठल्याशा वेगळ्याच दाण्याचं करतात, म्हणायचा. आपल्याकडे त्याच्या जवळचा हुलगाच. झुंबरबाई घरून भजी तळून न्यायची आणि नुसती बघत बसायची. तो गेला त्याला वर्ष झालं. आज सर्वपित्रीला त्याचं नाव पहिल्यांदाच पितरांत आलं होतं, आणि त्याच्या पानावर त्याचं कालवण असणारच, असं तिने मनाशी धरलं होतं.

“घरात आक्का हाय,” थोरल्या भावजयीची आठवण देत भिमाजी आत आला. “तिचा नवरा ज्यांनी मारला, त्यांचं कालवण तिच्याच चुलीवर? कायतरी वाटू दे जरा.”

“त्यास्नी भुकेनं मारलं, भाऊजी. कालवणानं न्हाई.”

लढाईत थोरला आसाराम आणि मधला पुंजाराम, दोघेही जपान्यांच्या कैदेत सापडले होते. छावणीत माणसं अन्नावाचून मरत होती. ओकादा नावाचा तिथला आचारी रानपाल्याची भजी तळून, असल्याच काळ्या कालवणात बुडवून, चोरून कैद्यांना द्यायचा. दुश्मनाच्या हातचं खाणार नाही म्हणून आसारामाने तोंड फिरवलं. तो तिथेच गेला. पुंजारामाने खाल्लं आणि तो परत आला. चोरी उघडी पडली तेव्हा त्या आचाऱ्याला त्याच्याच लोकांनी मारून टाकलं.

तेव्हापासून पारावर आसारामाचं नाव निघालं की लोक मिशीला पीळ देत. पुंजारामाचं निघालं की कुणीतरी नुसतं खाकरे. तो खाली मान घालून ऐकायचा. कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरून उभा राहिला म्हणजे काय ती त्याची मान ताठ होई.

“थोरल्यानं घराचं नाव राखलं,” भिमाजी म्हणाला. “मधला जिभंला भुलला.”

झुंबरबाई उठून उभी राहिली.

“भुलला? भुलला म्हनून तर माघारी आला. माघारी आला म्हनून तुमाला नांगर धरायला शिकीवलं, तुमचं लगीन लावलं. तवा बरा गोड लागला त्यो तुमाला! आन् गुदस्ता सप्त्यात बुवा काय सांगत हुते? भुकेल्याच्या तोंडी घास पडतो तवा हात कुनाचाबी असू दे, धाडनारा एकच. तुमी पुढंच बसून मान डोलवीत हुता.”

“ते कीर्तनातलं झालं!”

“मंग? चपला भाईर काढून ठिवतो, तसं कीर्तन आत ठिवून यायचं व्हय?”

“म्या न्हाई ह्या पानाला हात लावनार,” भिमाजी म्हणाला. “बघू कोन ठिवतंय माळवदावर कावळ्यास्नी.”

पान घरच्या पुरुषानेच ठेवायचं आणि झुंबरबाईला मुलगा नव्हता.

“ऱ्हाऊ द्या. मला हात हायेत.”

“बाईमानूस शिडी चढून पान ठिवनार?”

“माळवदाला माती घालाया चढते, तवा न्हाई कुनी इचारलं.”

तिने लिंबू पिळलं, द्रोण भरून पानावर ठेवला आणि अंगणात येऊन शिडी भिंतीला लावली. मागे पाऊल वाजलं. थोरली जाऊ मनकर्णा आसारामाचं पान घेऊन उभी होती. दिराशी भांडता येत होतं. पण आक्का नको म्हणाली असती तर द्रोण खाली ठेवावाच लागला असता.

“आक्का, तुमच्या चुलीवर केलं म्या...”

“वाढ.”

“कुटं?”

“ह्यांच्या पानावर.”

“आक्का!” भिमाजी ओरडला. “दादानं जीव दिला, पन त्याला शिवला न्हाई...”

“ठावं हाय मला. तीस वरसं त्याचपायी मोकळं कपाळ घिऊन बसलीया.” मनकर्णाने पान पुढे केलं. समोर कुणी जेवायला बसलं असावं तशी ती त्या पानाशीच बोलली, “तवा न्हाई खाल्लं. आता तरी खावा.”

झुंबरबाईने आपल्या द्रोणातलं अर्धं तिकडे ओतलं. थोडं कालवण भातावर सांडलं. भिमाजी पाठ फिरवून बसला. शिडी मनकर्णाने धरली. दोन्ही पानं माळवदावर शेजारी शेजारी गेली.

पानं पितरांना पोचली होती, आता चाखायला हरकत नव्हती. खाली उतरून झुंबरबाईने मडक्याच्या कडेचं बोटावर घेऊन चाटलं.

“कसं झालंय?” मनकर्णाने विचारलं.

“मीठ कमी पडलं. त्यांच्या हातचं न्हाई.”

“पुढल्या साली घाल.”

मनकर्णाने मडकं राखेने घासलं, धुतलं आणि घरातल्या उतरंडीवर ठेवलं.