नीलम्माच्या हळदीची वाटी

मी एक जुनी पितळी वाटी आहे. निलंग्याजवळच्या एका खेड्यात, नीलम्माच्या फळीवर राहते. मित्रांनो, चाळीस वर्षे माझ्यात हळद आणि मध कालवला गेला. घसा धरलेली पोरे यायची. नीलम्मा हळदीचे बोट आत घालून पडजीभ उचलायची आणि आया म्हणायच्या, "हिच्या वाटीला लई गुण हाय!" ते ऐकून मी फुगून जायची. खोटे कशाला बोलू?

मग नीलम्माच्या नातीचे, पुनमचे, टॉन्सिलचे ऑपरेशन लातूरला झाले. मला कोणी विचारलेसुद्धा नाही. तिथून सूचनांचा एक कागद आला. सूनबाई आरतीने तो भिंतीवर चिकटवला आणि दिवसातून दहा वेळा वाचू लागली. एवढासा कागद, पण मान केवढा! माझा नुसता जळफळाट झाला.

सातव्या दिवशी दुपारी आरती दुकानात गेली होती. नीलम्माने नातीला आ करायला लावले. घशात पांढरा थर दिसला.

"अगं बया, पू झालाय की! तसाच ठिवला डागदरांनी."

तिने मला फळीवरून काढले. 'बघ कागदा, शेवटी माझ्यावाचून अडलेच!' मी मनात म्हणाले. हळदीचे बोट घशात फिरले आणि थर निघाला.

पुनम रडली नाही. नुसती सारखी गिळत राहिली. आरती आली, लेकीकडे पाहिले आणि हातातले आइस्क्रीम तिथेच पडले. मूल सारखे गिळू लागले तर रक्त येत असेल, लगेच आणा, असे त्या कागदावर लिहिले होते.

"आत्याबाई, काय केलंत हे? रगत गिळायलीय ती!"

तेवढ्यात पुनमला लालभडक उलटी झाली. शेजारच्या माणिकप्पाने जीप काढली. मी हळदीसकट जमिनीवर पडून राहिले.

दवाखान्यात रक्त थांबवले आणि चार दिवसांनी पोर घरी आली. तो थर पू नव्हताच, जखमेवरची खपली होती. असा रक्तस्राव क्वचित आपोआपही होतो म्हणे, पण इथे तो आम्ही ओढवून घेतला.

काल गावातल्या व्यंकटीची बायको घसा धरलेल्या बाळाला घेऊन आली. नीलम्मा म्हणाली, "म्या न्हाई हात लावत. दवाखान्यात ने."

मित्रांनो, ऑपरेशन झालेल्या घशात कुणाला बोट घालू देऊ नका, कितीही मायेचे असले तरी. माझा हेवा मात्र गेलेला नाही. पुनमला वाचवणारी मी असायला हवी होते. वाचवले त्या कागदाने.