काळोखाची राखण

सूर्य बुडाला. पश्चिमेचा तो आरक्त, गैरिक, धूमिल पट हळूहळू विझत गेला. काळ्या वाळूच्या विराट किनाऱ्यावर अंधार उतरला. माडांवरून उतरला, पालथ्या होड्यांवरून उतरला, कोळ्यांच्या छपरांवरून उतरला. आणि एकाही खिडकीत दिवा लागला नाही.

कोस्टा रिकातल्या त्या गावाची रीतच तशी. कासवांची पिल्लं निघायचा हंगाम आला, की समुद्राकडच्या खिडक्यांना काळे पडदे. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाकडे धावतं, आणि सागरावर रेंगाळणारी आकाशाची मंद आभा हीच त्याची वाट. दुसरा उजेड दिसला की ते बिचारं उलटं फिरतं, जमिनीकडे जातं आणि मरतं.

सांगलीहून आलेल्या हेमलताबाईंना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांच्या खोपीसमोरच्या एका घरट्याची राखण त्यांच्याकडे होती. कुत्री हाकलायची, खेकडे हुसकायचे, वाळू थापटून बघायची. पगार नाही, हौसेचं काम. हौस मात्र त्यांची नव्हती, त्यांच्या केतकीची होती. इथं यायचं तिकीट काढून बसलेली ती पोर. तापाचं निमित्त झालं आणि गेली.

"या वयात कासवं राखायला परदेशी?" जाऊबाई म्हणाल्या होत्या. "देवळातल्या कासवाला नमस्कार करा आणि गप घरी बसा!" पण लेकीचं अर्धं राहिलेलं काम आईनं नाही करायचं, तर कुणी करायचं? केतकीची पिल्लं समुद्रात गेलेली बघायची, एवढंच त्यांना हवं होतं.

केतकीला जाऊन वर्ष झालं, ती सांज आली. निळी, निःशब्द, निष्ठुर सांज. हेमलताबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवू नये, हे हाडीमाशी खिळलेलं. आणि केतकी तर लहानपणापासून म्हणायची, "आई, खिडकीत तुझा दिवा दिसला ना, की घर आलं!"

पिल्लं निघायला अजून अवकाश आहे, असं त्यांना वाटलं. एवढंसं तर निरांजन, त्याचा उजेड तो कितीसा! त्यांनी पडदा सारला, फुलवात लावली, ओंजळीनं वारा अडवला आणि डोळे मिटले. सुवर्णवर्णी, स्नेहस्निग्ध ज्योत खिडकीत थरथरत राहिली. बाई रडत राहिल्या, मनसोक्त, वर्षभराचं.

मग दाराशी सळसळ झाली. सुकी पानं सरकावीत तशी. त्यांनी दार उघडलं, आणि अगं बाई गं! उंबऱ्याशी पिल्लं होती. इवली, कृष्णवर्णी, वाळूनं माखलेली पिल्लं, दिव्याकडे मान उचलून पायरी चढू बघत होती. मागं वाळूवर खेकड्यांची झुंबड उडाली होती.

त्यांनी फुंकर मारून दिवा विझवला. तिन्हीसांजेचा दिवा फुंकून विझवू नये, हेही तेव्हा आठवलं नाही. पदरात घेतली तेवढी पिल्लं लाटांत सोडली. बाकीची सकाळी सापडली, माडांच्या बुंध्याशी, झुडपांत, वाळून कडक झालेली.

शेजारची म्हातारी कोळीण यूलालिया टोपलीत ती गोळा करत होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं विचारलं, "दिवा कुणासाठी लावलास?"

"लेकीसाठी. मीच मारली गं ही. माझ्या हातानं मारली!"

यूलालियानं समुद्राकडे बोट केलं. "माझा रामिरो त्या तिथं बुडाला, ह्याच हंगामात," ती म्हणाली. "हंगाम सरेपर्यंत मी त्याला मेणबत्ती लावत नाही. गावात कुणीच आपल्या माणसांना लावत नाही. त्यांना अंधारातच आठवतो. गेलेली माणसं समजून घेतात, बाई. पिल्लांना कोण समजावणार?" मग तिनं घरट्याच्या वाळूवर हात ठेवला. "थोडी मागं राहिलीत आत. आज येतील."

हेमलताबाईंनी टोपली उचलून घेतली. झुडपांतली उरलेली त्यांनी स्वतः वेचली.

पुन्हा सूर्य बुडाला. पुन्हा तो आरक्त, गैरिक, धूमिल पट विझला. निरांजन फळीवर पालथं पडलं होतं. घराघरांतून दिवे लावावेत तसा गावानं काळोख लावला, आणि हेमलताबाईंनीही आपल्या खिडकीत तो लावला. पडदा कडेपर्यंत ओढला. "केतके, आज घर दिसायचं नाही हं," त्या म्हणाल्या, आणि बाहेर वाळूत येऊन बसल्या.

वाळू हलली. एक पिल्लू वर आलं, मग दुसरं, मग उरलेली. क्षणभर ती थबकली, जणू कुणाला शोधताहेत. खोपीत अंधार, गावात अंधार. मग ती वळली आणि सागराच्या त्या राखाडी, रुपेरी आभेकडे निघाली. हेमलताबाईंना हाक मारावीशी वाटली. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

एक लाट आली आणि घेऊन गेली. दुसरी आली, आणि वाळूवर काही उरलं नाही. दिवा नव्हता, वातही नव्हती. तरी त्या काळ्या किनाऱ्यावर, वाऱ्याला ओंजळ आडवी धरून, एक आई कितीतरी वेळ बसून होती.